त्यांच्या पश्चात

नाशिकच्या वर्तमानपत्रांत रोज सकाळी छापून येणारा सर्वांत आखीव मजकूर म्हणजे निधनवार्ता. माणसाचं नाव, वय, राहण्याचा भाग, ‘वृद्धापकाळाने’ किंवा ‘अल्पशा आजाराने’, मग ‘त्यांच्या पश्चात’ म्हणून सुरू होणारी नात्यांची यादी, आणि शेवटी दशक्रिया विधी अमुक तारखेला सकाळी गोदावरीवरच्या रामकुंडावर होईल ही सूचना. सगळे मिळून पन्नासेक शब्द. विशेषणाला जागा नाही. फार तर एखादं ‘मनमिळाऊ’ बसतं. तरी वाचणारा यादीपाशी थांबतो. दोन मुलांची नावं आहेत, तिसऱ्याचं का नाही? मुलगी आहे, पुढे जावई नाही. सून आणि दोन नातवंडं आहेत, पण त्यांना जोडणारा मुलगा यादीत नाही. म्हणजे तो बापाच्या आधीच गेला असणार. हे काहीही छापलेलं नसतं. ज्याने मजकूर लिहून दिला त्याला ते सांगायचंही नसतं. पण यादी प्रामाणिकपणे केली की जे वगळलं ते आपोआप दिसतं.

छोट्या कवितांच्या आणि त्याहून छोट्या कथांच्या या संग्रहाची ओळख इथून करून द्यायची, याला कारण आहे. रोजचं जगणं आणि त्यातून निघून गेलेलं माणूस, हा या सगळ्या पानांचा विषय. या विषयावर थोडक्यात लिहिणं नवीन आहे, फोन आल्यावर सुरू झालं, असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल थोडक्यातच लिहायची पद्धत होती, आणि ते लिखाण विलापाचं नव्हतं, नोंदीचं होतं. मला या प्रस्तावनेत एवढंच म्हणायचं आहे की आजचं चांगलं छोटं लिखाण त्या नोंदीच्या कुळातलं आहे, आणि वाईट लिखाण कलाटणीच्या.

या लिखाणाच्या प्रकारांची नावं आधी उरकून घेतो. अति लघु कथेला आता सगळेच अलक म्हणतात. शब्दांची संख्या बरोबर शंभरावर बांधून घेणारी ती शतशब्दकथा. कवितेत चारोळी, हायकू, आणि गुलजारांची त्रिवेणी, जी शान्ता शेळक्यांनी मराठीत आणली. हायकू मराठीत रुजवला शिरीष पैंनी, सत्तरच्या दशकात. चारोळी चंद्रशेखर गोखल्यांच्या ‘मी माझा’ने नव्वदच्या दशकात घरोघरी पोचवली, इतकी की कॉलेजच्या वहीचं शेवटचं पान तिच्याशिवाय सुनं वाटायचं. संग्रहात हे सगळे प्रकार आहेत. त्यांची वेगवेगळी दालनं केलेली नाहीत, कारण अक्षरं किंवा शब्द मोजून मजकुराला वजन येत नाही.

नाशिकचा संबंध मात्र नीट सांगायला हवा. इथले लोक गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात. ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणणारा माणूस भाजी आणायला निघालेला असू शकतो आणि बापाच्या अस्थी सोडायलाही. एकाच घाटावर बुधवारचा बाजार भरतो, मुलं पाण्यात सूर मारतात, कपडे धुतले जातात, आणि तिथूनच थोड्या अंतरावर कोणी डोकं भादरून कावळ्याची वाट पाहत बसलेलं असतं. बाहेरगावच्या माणसाला हे विचित्र वाटतं. नाशिककराला त्यात काही वाटत नाही, आणि ते न वाटणं हाच लेखकासाठी मोठा ठेवा आहे. इथे दुःखासाठी वेगळी जागा राखून ठेवलेली नाही. ते भाजीच्या पाट्यांशेजारी बसतं.

देशभरातून माणसं अस्थी घेऊन रामकुंडावर येतात, आणि त्यांच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय ठरलेले असतात. त्या उपाध्यांकडे वह्या आहेत. कोणत्या गावचे, कोणत्या आडनावाचे, कोणाचे पुत्र, कोणाचे नातू, कोणासाठी आले, सोबत कोण होतं, हे त्यांत पिढ्यान् पिढ्या लिहिलेलं आहे. जुनी पानं मोडीत. आलेल्या माणसाने आपल्या हाताने नाव घालायचं अशी रीत. म्हणजे पणजोबाने कधी काळी इथे येऊन लिहिलेलं त्याच्या आईचं नाव पणतूला वाचायला मिळतं, आणि खाली त्याला स्वतःच्या बापाचं लिहावं लागतं. त्या ओळींत दुःख झाल्याचा उल्लेख नसतो. कोण गेलं आणि कोण आलं एवढंच असतं. कथा म्हणायला आणखी काय लागतं, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. वंशावळीच्या शोधात येणारे संशोधक या वह्या पाहतात, कथाकारांनीही पाहाव्यात.

आता लांबीचा प्रश्न. छोटा मजकूर किती छोटा असावा, हे कोण ठरवतं? जात्यावरच्या ओवीची लांबी दगड ठरवत होता. एक हात खुंट्याला, दुसऱ्या हाताने मूठ सोडायची, एका श्वासात आणि ठरावीक फेऱ्यांत जेवढं म्हणता येईल तेवढंच म्हणायचं. ते संपलं की पुढची ओवी. सासर, माहेर, भाऊ, सवत, पाऊस, मेलेलं मूल, सगळं त्याच मापात. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी जाऊन बायकांकडून जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. हे सारं रडगाणं असेल अशा समजुतीने ऐकायला बसणाऱ्याची फसगत होते. बाई मेलेल्या आईबद्दल गाते तेव्हा आईबद्दल फारसं म्हणत नाही. माहेरच्या वाटेबद्दल, दारातल्या झाडाबद्दल, आता कोण वाढतं त्याबद्दल म्हणते. इकडे शेजारच्या खानदेशात बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या तोंडून निघालेलं दुसऱ्यांनी टिपून ठेवलं, म्हणून त्या गेल्यावर १९५२ साली ते पुस्तकरूपाने आपल्या हाती आलं. तिथेही कामाच्या हालचालीनेच ओळीची लांबी ठरते. गावात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. बायकांचे कष्ट वाचले, हे फार चांगलं झालं. ओवीला हळहळणाऱ्या पुरुषांनी एकदा पायलीभर ज्वारी दळून पाहावी.

आजच्या तुकड्याची लांबी फोन ठरवतो. ‘पुढे वाचा’ यायच्या आत मजकूर संपला पाहिजे, नाहीतर अर्धे लोक पुढे वाचत नाहीत. या संग्रहातला बराच मजकूर असाच फोनवर लिहिला गेला आहे: सातपूर-अंबडकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, दवाखान्यात नंबर यायची वाट पाहताना, आजाऱ्याच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर. हे मला आवडतं. काम चालू असताना, कामाच्या फटीत सुचणं हे ओवीचंच लक्षण आहे. फरक दुसरीकडे आहे. ओवीला श्रोता कोण? जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेली जाऊ किंवा नणंद, तीही दळण्यात गुंतलेली. तिच्याकडून ‘वा’ यायची अपेक्षा नाही. फोनवर मात्र मजकूर सोडल्या क्षणापासून दोनशे माणसं समोर बसलेली असतात आणि लिहिणाऱ्याची नजर त्यांच्या अंगठ्यांवर असते. त्या माणसांना ताबडतोब काहीतरी वाटायला हवं. मग लेखक शेवटच्या ओळीत सुरुंग पेरतो.

ही कलाटणी म्हणजे आजच्या अलकचा जुनाट रोग. तिचे नमुने वाचकाला पाठ झाले आहेत. वृद्धाश्रमातल्या आजी, त्यांना भेटायला आलेला तरुण, आणि शेवटी तो त्यांचाच मुलगा निघतो. भीक मागणारी मुलगी, तिला हाकलणारी बाई, आणि शेवटी मुलगी बाईचीच पडलेली पर्स परत करते. सैनिकाची पत्नी, दारावरची बेल, आणि शेवटी... तो शेवट कोणालाही सांगता येईल. संग्रहासाठी आलेल्या मजकुरात अशा कथांचा ढीग होता. लिहिणाऱ्यांच्या भावनेबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती भावनेला असं दाराआड लपवून वाचक आत आला की ‘भो’ करण्याबद्दल.

फरक कुठे पडतो ते दाखवायला मी स्वतःच एक कथा रचतो, म्हणजे कोणाचा अपमान नको. एक वयस्क गृहस्थ रोज दुधाच्या दोन पिशव्या घेतात. नवीन दूधवाला विचारतो, काका, घरी कोण कोण? ते म्हणतात, आम्ही दोघं. शेवटच्या ओळीत कळतं की काकूंना जाऊन वर्ष झालं. झाली अलक. वाचली, चुकचुकलो, पुढे पाठवली. दुसऱ्यांदा वाचण्यात काही हशील नाही, कारण तिच्यात जे होतं ते फक्त लपवलेलं होतं आणि ते एकदा कळून चुकलं.

आता तीच गोष्ट उलटी करू. काकू गेल्या हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचं. दूध अजून दोन पिशव्या येतं, कारण एक बंद करायची तर दूधवाल्याला कारण सांगावं लागेल आणि काकांना जिन्यात उभं राहून ते सांगायचं नाही. उरलेलं दूध वाया जाऊ नये म्हणून त्यांनी विरजण लावायला शिकून घेतलं. शेजारच्या वहिनींनी दाखवलं. आता फ्रीजमध्ये दह्याची चार पातेली आहेत. दही काकांना सोसत नाही. इथे धक्का नाही, गुपित नाही, तरी वाचक त्या फ्रीजसमोर जरा वेळ उभा राहतो. लांबी जवळपास तेवढीच. पहिली कथा वाचकाला चकवते. दुसरी त्याला घरात नेते आणि काय काय उरलंय ते मोजून दाखवते.

नाशिकमध्ये या दुसऱ्या पद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना आहे, आणि तो इतका प्रसिद्ध आहे की त्याकडे आता कोणी नीट पाहत नाही. कुसुमाग्रजांची ‘कणा’. शाळांच्या भिंतींवर, निरोप समारंभांत, राजकीय भाषणांत ही कविता तिच्या शेवटासाठी वापरली जाते, उमेद देणारं सुभाषित म्हणून. माझ्या मते कवितेचं खरं बळ तिच्या शेवटात नाही. भिजलेला, चिखलाने माखलेला जुना विद्यार्थी सरांच्या घरी येतो. पूर येऊन गेला आहे. नदीबद्दल तो घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतो, तिच्यावर चिडत नाही. मग काय गेलं आणि काय वाचलं याची तो यादी देतो. ती यादी म्हणजे कविता. सर पैसे द्यायला जातात, तो नको म्हणतो. आणि जो माणूस चार शब्द ऐकायला आला आहे, त्याच्या सरांचा एकही शब्द कवितेत नाही! सर काय बोलले, बोलू शकले का, हे कुसुमाग्रजांनी लिहिलं नाही. एका पानाच्या आत दोन माणसं, एक पूर, एक संसार आणि एक न दिलेलं उत्तर. मराठीतल्या अति लघु कथेचा इतिहास कोणी लिहायला घेतला तर त्यात ही कविता कथा म्हणून यायला हवी.

आणि हा पूर नाशिककराला समजावून सांगावा लागत नाही. १९६९, २००८, २०१६: सालं इथे पुरांनी लक्षात राहतात. पाणी किती आलं हे मीटरमध्ये कोणी सांगत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं, असं सांगतात. २ ऑगस्ट २०१६ ला सराफ बाजार, भांडी बाजार, गोदाकाठच्या गल्ल्या पाण्यात होत्या. मारुतीवर सगळ्या गावाचा पूर मोजता येतो. आपल्या घरात ओट्यापर्यंत आला की माळ्यापर्यंत, आणि ओट्यावर काय होतं, हे ज्याचं त्याने लिहायचं असतं.

कुसुमाग्रजांच्या आधी, याच गावात, आणखी एका माणसाने घरातल्या वस्तूंमधून गेलेलं माणूस उभं केलं होतं. फेब्रुवारी १९३३ मध्ये साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते आणि ‘श्यामची आई’चा मोठा भाग त्यांनी तिथे अवघ्या काही दिवसांत लिहून काढला. त्या पुस्तकाला आपण कादंबरी म्हणून, संस्कारांचं पुस्तक म्हणून, रडवणारं पुस्तक म्हणून ओळखतो. त्याची बांधणी बघा. बेचाळीस रात्री, प्रत्येक रात्रीची वेगळी आठवण, बहुतेक प्रकरणं काही पानांत संपणारी. शीर्षकं: ‘मुकी फुले’, ‘पत्रावळ’, ‘मोरी गाय’. आईचा स्वभाव गुरुजी वर्णन करून सांगतातच, पुष्कळ सांगतात, आणि तिथे आजचा वाचक थोडा चुळबुळतो. पण पत्रावळीला टाका कसा घालायचा, कळ्या खुडायच्या की उमलू द्यायच्या, यावरून घरात होणारी बोलणी येतात तेव्हा ती बाई पुस्तकातून उठून बसते. आई गेल्याचं आपल्याला सुरुवातीपासून माहीत असतं. लपवलेलं काही नाही. तरी नव्वद वर्षं माणसं ते पुस्तक वाचत आहेत. कलाटणीवाल्यांनी यावर एकदा विचार करावा.

मराठीत याच्याही मागे जाता येतं. दिवाकरांनी १९११ पासून लिहिलेल्या नाट्यछटा घ्या. एकच माणूस बोलतो, समोरचा आपल्याला ऐकू येत नाही, दीड-दोन पानांत घराची सगळी कळा कळते. एक्कावन्न नाट्यछटांवर हा लेखक टिकून आहे. शाळेच्या स्पर्धांनी नाट्यछटेला हातवारे आणि किंकाळ्या शिकवल्या, त्याला दिवाकर जबाबदार नाहीत. मराठीबाहेर जायचं तर सआदत हसन मंटोंचं ‘सियाह हाशिये’ हे १९४८ चं पुस्तक छोटी कथा लिहिणाऱ्या प्रत्येकाने जवळ ठेवावं. फाळणीच्या कत्तलींवरच्या या कथांपैकी काही दोन-तीन ओळींच्या आहेत. मंटो शेवटी कलाटणी देतात, नाही असं नाही. पण ती वाचकाला रडवायला नसते. खून करणाऱ्याच्या तोंडी एखादं साधं, व्यवहारी वाक्य येतं, एखाद्या हिशेबनीसाचं असावं तसं, आणि अंगावर काटा येतो. मंटोंना टीकाकारांनी त्या वेळी निर्दय ठरवलं. मला ते त्या काळातले सर्वांत काटेकोर नोंदकार वाटतात.

गमावणं म्हणजे फक्त मरण नव्हे, हेही सांगून ठेवतो, कारण संग्रहातला जवळपास अर्धा मजकूर जिवंत माणसांबद्दल आहे. गोडी छाटणी झालेली, मणी भरत आलेली द्राक्षबाग एका दुपारच्या गारपिटीत जमिनीवर येते. चाळीतला कांदा आतून सडतो आणि वास येईपर्यंत कळत नाही. नोव्हेंबर २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ७५० किलो कांदा विकला. हाती आले १,०६४ रुपये. ते त्याने मनिऑर्डरने पंतप्रधानांना पाठवून दिले. मनिऑर्डरचा खर्च ५४ रुपये आला, तो त्याने पदरचा घातला. देशभर या बातमीवर अग्रलेख आले, भाषणं झाली. त्या सगळ्यांत काय शिल्लक राहिलं? माझ्या लक्षात ते ५४ रुपये राहिले. टपाल कचेरीच्या खिडकीशी उभं राहून, पावती घेऊन, सुटे मोजून दिलेले. कांद्यावर लिहिणाऱ्या कवींना माझी विनंती आहे की डोळ्यांतल्या पाण्याची कोटी आता पुरे करावी. लासलगावच्या कांदाबाजारातली हिशेबपट्टी वाचावी. वजन, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. तिच्यात यमक नाही, पण ताल आहे.

निधनवार्तेकडे पुन्हा यावं लागतं, कारण ती सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. तिला पैसे पडतात. फोटोसह हवी तर आणखी. चौकातल्या ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या फलकाला तर त्याहून जास्त, आणि त्यावर गेलेल्या माणसापेक्षा शोकाकुल मित्रमंडळाचे चेहरे मोठे. विहितगावात १९३० साली जन्मलेल्या बाबुराव बागुलांनी १९६९ च्या आपल्या कथासंग्रहाला ‘मरण स्वस्त होत आहे’ असं नाव दिलं. त्यांची माणसं वर्तमानपत्राच्या त्या पानावर कधीच येणार नव्हती. अशा माणसांची नोंद ठेवायची तर ती कथेलाच ठेवावी लागते. आणि कधी कधी बातमी येऊनही नोंद होत नाही. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकमधल्या महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि प्राणवायूवर असलेले २२ रुग्ण त्या दिवशी गेले. आकडा सगळ्यांना माहीत झाला. कोरोनाच्या त्या दिवसांत माणसांना अंत्यविधीला जाता आलं नाही, गंगेवर जमता आलं नाही, घरी येऊन कोणी बसलं नाही. जे एरवी दहा-बारा दिवस लोक येऊन जाऊन, चहा पिऊन, ‘कसं झालं हो’ विचारून थोडं थोडं बोलून व्हायचं, ते बोलायचंच राहिलं. संग्रहातले कितीतरी तुकडे त्या न झालेल्या बोलण्यातून आलेले आहेत, त्या वर्षाचं नाव न घेता. संपादकांनी ते एकत्र केले नाहीत, पुस्तकभर विखुरले आहेत. मला हा निर्णय पटला. माणसाला तो काळ असाच आठवतो, भलत्या वेळी.

कवितांबद्दल वेगळं थोडं. छोट्या कवितेत गमावण्याचा विषय आला की सर्वांत मोठा धोका चंद्र, सावली, वारा आणि वाळलेलं पान यांचा असतो. हायकूला तर निसर्ग लागतोच, त्यामुळे तिथे हे सामान लगेच गोळा होतं. जपानी कवी इस्सा याची लहानगी मुलगी १८१९ साली देवीच्या रोगाने गेली. त्यानंतर त्याने लिहिलेला हायकू जगभर ओळखला जातो, आणि त्यात दवबिंदू आहे हेही खरं. पण इस्साच्या रोजनिशीसारख्या त्या पुस्तकात त्याच्या आधी मुलीचं रांगणं, टाळ्या वाजवणं, हसणं याची भरपूर, बारीक नोंद आहे. त्या नोंदीने दवबिंदूला वजन दिलं. आपण नोंद गाळून नुसता दवबिंदू उचलला. शिरीष पैंचा हायकू चांगला असतो तिथे तो खिडकीतून, गॅलरीतून, रस्त्यावरून पाहिलेल्या एका ठरावीक क्षणाचा असतो. त्यांच्या पाठोपाठ लिहिणाऱ्यांपैकी अनेकांना क्षण सापडला नाही, तीन ओळी मात्र सापडल्या. या संग्रहातल्या मला आवडलेल्या कवितांमध्ये चंद्र नाही. गॅसच्या नंबराची वही आहे, दाराला अडकवलेली काठी आहे, बंद करायचा राहिलेला मोबाइलचा रिचार्ज आहे, बँकेत वारसाचं नाव लावताना भरायचा फॉर्म आहे. मयताशी नातं, असा त्यात रकाना असतो.

भाषेबद्दल एक तक्रार आणि एक समाधान. तक्रार अशी की काही कथांत माणसं घरात एक भाषा बोलतात आणि शेवटच्या वाक्यात एकदम व्याख्यानमालेतली. दुःख झालं की मराठी माणूस संस्कृतकडे धावतो; ‘निःशब्द’, ‘स्तब्ध’, ‘हृदय हेलावून’ ही मंडळी सांत्वनाला आधी हजर होतात. समाधान असं की निफाड, चांदवड, सिन्नर, कळवणकडून आलेल्या लेखकांनी आपलं बोलणं सोडलेलं नाही. त्या बाजूच्या कवितेला पाठीशी परंपराही आहे. लासलगावच्या प्रकाश होळकरांनी शेतीतल्या माणसाची भाषा कवितेत घट्ट केली. ऐश्वर्य पाटेकरांच्या ‘भुईशास्त्र’ला २०११ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. त्यामुळे आता तिकडच्या लिहित्या मुलाला आपल्या आजीचं वाक्य प्रमाण करून घ्यावंसं वाटत नाही. संपादकांनीही त्याला हात लावलेला नाही, एवढ्यासाठी त्यांचे आभार.

हे पुस्तक सलग वाचू नका. त्यासाठी ते केलेलं नाही. एका बैठकीत दहा मरणं वाचली की अकरावं खोटं वाटू लागतं, यात लेखकाचा दोष नसतो. वाटेल तिथे उघडा, एखादं पान वाचा, कामाला लागा.

आणि जे यात नाही तेही सांगायला हवं. नाशिकरोडच्या छापखान्यात आयुष्यभर नोटा मोजून रिकाम्या खिशाने घरी येणाऱ्या कामगाराने लिहिलेलं काही संग्रहात नाही. अमरधाम स्मशानभूमीत लाकडं रचणाऱ्याचं नाही. कांद्याच्या खळ्यावर दिवसभर निवड करत बसणाऱ्या बायकांबद्दल दोन कविता आहेत, त्यांची स्वतःची एकही नाही. अंबडच्या एका खोलीत सहा जण राहणाऱ्या, बिहारहून आलेल्या आणि आता मराठी सफाईने बोलणाऱ्या पोरांपैकी कोणाचं नाही. गावाकडे आजा गेला आणि सुट्टी मिळाली नाही, हे त्यांच्यापैकी कितीतरी जणांना सांगता येईल. गंगेवरच्या उपाध्यांपैकीही कोणी लिहून पाठवलेलं नाही, आणि त्यांच्याकडे तर इतक्या वह्या आहेत. पुढच्या संग्रहासाठी संपादकांनी मजकूर मागवताना शब्दमर्यादा छापली नाही तरी चालेल. या लोकांपर्यंत निरोप पोचेल एवढं बघावं, आणि तोंडी सांगितलेलं उतरून घ्यायला कोणीतरी सोबत पाठवावं.